निरंक लिहिलेला रकाना

दुसऱ्यांनी भरलेले फॉर्म वाचायला मला फार आवडतं. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर लोकांना गुडघेदुखी लागते, मला हे लागलं. कुणाचा हात कुठे थबकला, कुणी कुठे खाडाखोड केली, पत्त्याच्या रकान्यात कुणी उगाच 'बंगला' लिहिलं, हे बघत मी तासन् तास बसू शकते. त्यामुळे निवृत्तीनंतर ठाण्यातल्या एका न्यासाने विचारलं, "आमच्या शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर याल का?", तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत. एरवी मी घेते. मला मानाने बोलवावं लागतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे.

शिष्यवृत्ती नेतृत्वासाठी होती. ठाण्यापासून पार कल्याणच्या पुढपर्यंतची मुलं निवडायची. त्यांनी वर्षभर दर शनिवारी एकत्र यायचं, शिकायचं, एखाद्या संस्थेत काम करायचं आणि पुढच्या शिक्षणाचा भार न्यासाने उचलायचा. मुलं वेगवेगळ्या घरांतली हवीत, यावर न्यासाचा फार भर होता. माझ्यासारख्या डोंबिवलीकरांच्या घरातली तर हवीतच, पण जिथून आजवर कुणी अर्जच केला नव्हता अशा घरांतलीही हवीत. हे ऐकायला छान होतं. प्रत्यक्षात ते कसं जमवायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

अर्जात एक मोठा रकाना होता, 'नेतृत्वाचा अनुभव'. आमची डोंबिवलीची मुलं त्यात मावत नव्हती. गॅदरिंगचा सेक्रेटरी, एनएसएसचा लीडर, सोसायटीच्या गणपतीचा खजिनदार. काहींनी तर पाठीमागे जादा कागद जोडले होते. आणि एका अर्जात त्या रकान्याच्या बरोबर मध्यभागी, सुबक अक्षरात, एकच शब्द होता: निरंक.

मला हसूच आलं. हा शब्द सरकारी दफ्तरातला. तलाठ्याकडे, तहसीलदाराकडे माहिती द्यायची आणि द्यायला काही नसेल, तर रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्यात मागाहून कुणीही काहीही लिहू शकतं. म्हणून 'निरंक' लिहून मोकळं व्हायचं. अर्ज कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या एका गावातल्या आगरी मुलीचा होता. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या फक्त जमिनीचे कागद भरले, त्या घराने शिष्यवृत्तीचा अर्जही तसाच भरला होता. मला ती शिस्त आवडली. आणि शिस्तीला स्मरूनच मी मनात त्या रकान्याला शून्य दिलं. कागदावर निरंक म्हणजे निरंक.

मुलाखती टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होत्या. ती मुलगी आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांना हळद लागलेली होती, नखांपर्यंत पिवळी. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, शांत. आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी विचारलं, "कॉलेजात सीआर वगैरे होतीस का?"

"नाय सर."

"एखादं मंडळ? ग्रुप? चार माणसांना घेऊन काही केलंयस का?"

तिने खरोखर विचार केला. "नाय सर, तसं काय नाय."

मग हे कशासाठी हवंय, असं मी विचारलं. तेव्हा मात्र ती सरळ बोलली. तिला हॉस्पिटल चालवायचं शिकायचं होतं, म्हणजे डॉक्टरकी नाही, व्यवस्थापन. घरी पैशाची अडचण नव्हती. जमीन गेली तेव्हा दोन बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या. पण घरात कुणी बारावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा म्हणत, हे शिकलेल्या लोकांचं काम, आपल्याला कोण विचारतो, तू आपल्या बिल्डिंगींचं भाडं गोळा करायच्या ऑफिसात बस. "तुमी मला घेतलं ना मॅडम, तर बाबा पाठवतील. मोठ्या लोकांनी निवडली म्हणतील. नाय घेतलं तर मंग ऑफिस." एवढं बोलून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, "मी निघू का? मांडवात वाट बघत असतील."

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. मुलाखत सोडून लग्नाला? त्यांनी पेन उचललं. मीही उचललं. पण माझी खोड मला गप्प बसू देईना.

"लग्न कुणाचंय?"

"गावातलं आहे. आत्या धवलारीण आहे ना माझी. मी तिच्यामागून म्हणते."

धवलारीण. मी जन्मापासून डोंबिवलीत राहते, आणि हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. तिने समजावून सांगितलं: आगऱ्यांच्या लग्नात धवले म्हणतात, लग्नाची गाणी, आणि ती म्हणणारी बाई लग्न लावते. आता भटजीही बोलावतात, पण हळदीपासूनचं सगळं तिच्याच शब्दावर चालतं. मी विचारलं, बाहेरच्यांनी बघितलं तर चालतं का? ती हसली. "उद्या या ना. लग्नात कोण कोणाला विचारतं?"

ती गेली. तिच्या नावापुढे मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले. घरी सांगितलं, भाजी आणायला जाते. कुणाच्या लग्नाला, तर ओळख नसलेल्यांच्या, हे सांगायची सोय नव्हती. शीळ रस्त्यावरून रिक्षा आत वळली आणि मांडव दिसण्याआधी बेंजो ऐकू आला. मी चांगली साडी नेसले होते, तेवढ्यावर मला आत घेतलं. एका बाईने हातात सरबत दिलं आणि म्हणाली, "बस बाय, पंख्याखाली बस."

चारशे तरी माणसं असतील. गळ्यात जाड सोनसाखळ्या घातलेले काका, मोबाईल उंच धरलेली पोरं, खुर्च्यांवरून धावणारी लहान मुलं. आणि मधोमध पाटाशेजारी सुपात तांदूळ घेऊन माझी कालची उमेदवार बसलेली. तिची आत्या तिच्याजवळ होती, पण तीन दिवस धवले म्हणून आत्याचा आवाज पार बसला होता. त्यामुळे लग्न पोरगीच चालवत होती.

मी ते बघत राहिले. तिने बेंजोवाल्यांकडे नुसता तळहात वर केला आणि बेंजो थांबला. ओरडली नाही. म्हणायला लागली तीही हळूच, मग ऐकण्यासाठी लोकच गप्प झाले. मधेच एका दांडग्या काकांना तिने सांगितलं, "काका, चपला काढून मागं सरा, पोरीचा मामा कुठनं येल?" ते काका कुठल्यातरी पक्षाचे असावेत, मागे दोन माणसं घेऊन हिंडत होते. ते चपला काढून मागे सरकले. उंबराची फांदी कुठे, तांदूळ कोण धुणार, पाणी कुणी आणायचं, सगळं तिच्या गाण्यातच येत होतं आणि माणसं उठून ती ती कामं करत होती. कुणाला हुकूम केल्यासारखं वाटत नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही. सुरुवातीलाच तिने मांडवभर नजर फिरवली आणि मागच्या खुर्चीत तोंड फिरवून बसलेल्या एका जाडजूड बाईला पुढे बोलावून तिच्या हातात दिवा दिला. जवळ इतक्या बायका असताना मागचीच का? मी सरकत सरकत आत्याशेजारी गेले आणि विचारलं.

आत्या बसक्या आवाजात म्हणाली, "ती मामी. सकालपासून रुसलीय. आमी पहिल्यांदा मांडवात रुसनारी मामी बघतो. तिच्या हातान दिवा दिला का मंग लगीन मोडाला कोन नाय उरत."

मला माझ्या भाच्याचं लग्न आठवलं. आहेराची साडी माझ्या हातात न देता बाजूला ठेवली म्हणून मी पंगतीला बसले नव्हते. हे मी आत्याला सांगितलं नाही.

मग तिने विचारलं, मी कुणाकडची? मी खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. माझा हात धरून ती म्हणाली, "मंग? घेतली का पोरीला?"

माझ्या पर्समध्ये तेच पेन होतं. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. "अजून ठरायचंय," एवढंच म्हणाले आणि जेवायला न थांबता निघाले. ते त्यांना आवडलं नाही.

घरी येऊन मी अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, गुणपत्रिकेवर तुमचीच सही आहे. आता बदल कसा करता येईल?" हेच वाक्य मी पस्तीस वर्षं काउंटरच्या आतून लोकांना ऐकवत आले होते. बाहेरून ऐकताना ते किती चीड आणतं हे त्या दिवशी कळलं.

"सर, चूक तिची नाही. रकाना चुकलाय," मी म्हणाले. "तिला वाटतं, नेतृत्व म्हणजे कॉलेजातलं काहीतरी. आपल्यालाही तेच वाटतं."

"लग्नातली गाणी म्हणजे नेतृत्व?"

"उपाशी चारशे माणसांना माइकशिवाय तासभर गप्प बसवून दाखवा सर. शाळेतसुद्धा तुम्हाला घंटा लागायची."

मला वाटलं, गेलं, आता समितीवरूनही गेले. पण मुख्याध्यापक जातिवंत होते. ते म्हणाले, "एकटीला बोलावणं न्याय्य नाही. ज्यांचा ज्यांचा तो रकाना रिकामा आहे, त्या सगळ्यांना बोलवू. प्रश्न मात्र तुम्ही काढा."

असे पाच जण निघाले. मी प्रश्न काढला तो साधाच: घरात, गल्लीत, कामावर, असं काय आहे जे तुम्ही सांगता आणि लोक ऐकतात? विठ्ठलवाडीच्या एका मुलाने टँकरच्या पाण्याची रांग त्याने कशी लावून दिली ते सांगितलं. रोजची भांडणं बंद झाली होती, आणि त्याच्या मते यात सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही सगळे पेनं खाली ठेवून ऐकत होतो. शेवटी ती आली. रुसणाऱ्या मामीची गोष्ट तिने सांगितली तेव्हा अध्यक्ष डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्यांच्याकडेही एक मामी असणार.

ती आणि विठ्ठलवाडीचा तो मुलगा, दोघंही निवडले गेले. तिच्या बाबांनी न्यासाचं पत्र लॅमिनेट करून भाड्याच्या ऑफिसात लावलं, आणि तिला मात्र तिथे बसवलं नाही.

पुढचं वर्ष सोपं नव्हतं. सुरुवातीच्या शनिवारी ती तोंड उघडत नसे. आमची डोंबिवलीची मुलं इंग्रजीत धाडधाड बोलत आणि ही वहीत खाली बघत बसे. मला राग यायचा, तिचाही आणि त्यांचाही. मग एका शनिवारी गटाचं काम अडलं. सगळेच बोलत होते, ऐकणारं कुणी नव्हतं. तेव्हा तिने तळहात वर केला. ते दृश्य मी आधी बघितलेलं होतं. त्यानंतर आमचा सगळ्यात वाचाळ मुलगा तिच्याकडून थांबायला शिकला, आणि ती त्याच्याकडून प्रेझेंटेशन, अधिकाऱ्यांना पत्रं, नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणं शिकली. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात तिने ओपीडीची रांग हातात घेतली. तिथेही सगळ्यात आधी तिने जास्तीत जास्त कटकट करणाऱ्या आजोबांना शोधून टोकन वाटायला बसवलं. एकदा मला म्हणाली, "मॅडम, आता बाबांचे फॉर्म पण मीच भरते. निरंक लिहायच्या आधी दोनदा विचारते."

वर्षाअखेरचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होता. आमंत्रणपत्रिकेत माझं नाव नव्हतं. छापताना राहिलं, असं नंतर कळलं. पहिल्या रांगेत देणगीदार बसलेले, मला दुसऱ्या रांगेत खांबामागे जागा. मी कुणाला काही बोलले नाही. पण माझा चेहरा माझ्या ताब्यात नसतो. चहा आला तो मी घेतला नाही. मनात म्हणत होते, बरोबर आहे, आता आपली गरज काय.

कार्यक्रमाची सगळी सूत्रं तिच्याकडे होती. मराठी, इंग्रजी, दोन्ही बोलत होती, न अडखळता. समई लावायची वेळ आली. तिने हॉलभर एकदा नजर फिरवली. मग स्टेजवरून उतरली, पहिली रांग ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि पेटती मेणबत्ती माझ्या हातात दिली.

"मॅडम, चला. पहिली वात तुमची."

काय सांगू, मी विरघळले. इतक्या लोकांत पोरीने मलाच बोलावलं. मी पदर सावरत, ताठ मानेने, अध्यक्षांच्या आधी पायऱ्या चढले. पहिली वात लावली, फोटो झाला. दुसरी लावली. तिसऱ्या वातीशी माझा हात थांबला.

मी वळून बघितलं. ती हसत नव्हती. फोटोग्राफरला मागे सरकायला सांगत होती आणि पुढच्या वक्त्याला पाणी पोचलं का बघत होती. हॉलमध्ये कुणाचीही तक्रार उरली नव्हती.

उरलेल्या वाती मी गुपचूप लावल्या, आणि खाली येऊन चहा मागून घेतला.