आमच्या लोकांना झेपणारा विषय

"तुमच्या लोकांना भाषणं छान जमतात," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या फॉर्मवरचं 'विज्ञान' खोडलं. त्याच पेनाने वर 'कला' लिहिलं. पुढे 'मराठी'.

जळगावच्या कॉलेजातला प्रवेशाचा हॉल. मागे ही लांब रांग. सर खुर्चीत, मी उभी, शेजारी बाप उभा. बाप फैजपूरला केळीचे घड ट्रकमध्ये भरायचा. सदरा धुतलेला होता, पण केळीच्या चिकाचे डाग निघतात कुठे? सरांनी दाखल्यावरचं 'नवबौद्ध' वाचलं, मग ते डाग पाहिले. माझ्या गुणपत्रिकेवर नजरसुद्धा टाकली नाही. बारावीला केमिस्ट्रीत मी वर्गात पहिली होते.

"सर, मला केमिस्ट्री घ्यायची आहे."

"अगं, प्रॅक्टिकल असतं त्यात. झेपायचं नाही तुला. नापास होशील आणि मग आमच्या नावाने मोर्चे काढाल."

रांग हसली. बापही हसला. साहेब लोक हसले की आपणही हसायचं, एवढंच त्याला शिकवलं होतं जगाने. आणि मी काय म्हणाले? "थँक यू, सर." आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परतताना एसटीत बाप म्हणाला, "सोताच्या हातानं लिहून देलं सायबानं." त्याला ती मेहेरबानी वाटली होती.

मराठीशी माझं भांडण नाही. मी एम.ए. झाले, नेट झाले, त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे तास असतील तर मॅडम, नसतील तर कोणी नाही. विभागप्रमुख तेच सर. आता मला 'मॅडम' म्हणत, पण माझ्या हातचा चहा कधी घेतला नाही. नेहमी पोट बिघडलेलं असायचं त्यांचं.

जूनमध्ये त्यांनी मला नव्या मुलांच्या मदतीच्या टेबलावर बसवलं. पहिल्या वर्षाला आलेल्या पोरांना वर्ग दाखवायचे, वेळापत्रक समजवायचं, मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडायला मदत करायची. जाताना सर म्हणाले, "शिष्यवृत्तीवाली पोरं आपल्याकडे वळवा. पोरं कमी पडली की तास कमी होतात. आणि पहिले तास तुमचे जातात, मॅडम. तुमचं ऐकतील ती."

ऐकायचीच. मी त्यांच्यातली होते ना. तीन वर्षं दर जूनमध्ये मी हे काम केलं आणि फार छान केलं. "स्पर्धा परीक्षेला सोपं जातं." "इंग्रजीची कटकट नाही." गोड बोलून विषय गळ्यात मारायचा. पोरं वर मलाच थँक यू म्हणायची. तेव्हा मला काही वाटायचं नाही. खरंच नाही वाटायचं.

चौथ्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी आली. धुळ्याकडच्या खेड्यातली. सोबत तिचे वडील, डोक्यावर टोपी, हातात कागदांची पिशवी. ते आल्या आल्या म्हणाले, "ताई, तुम्हीच लिखी द्या. आमले काय समजस?"

मी पेन उघडलं. मुलगी वडिलांना हळूच म्हणाली, "आबा, माले केमिस्ट्रीच लेनी शे."

तिलाही केमिस्ट्रीच घ्यायची होती. मी तिचे मार्क पाहिले. बेताचे होते. तिच्या शाळेत प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप होतं, असं तिनेच सांगितलं. मी म्हणाले, "प्रॅक्टिकल असतं त्यात. झेपायचं नाही तुला."

शब्द तेच. सूरही तोच. माझ्याच तोंडातून.

मुलगी हसली नाही. थँक यू म्हणाली नाही. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही करून पाहिलं होतं?"

इतकी लाज मला त्या हॉलमध्येही वाटली नव्हती. तिथे दुसऱ्याने केलं होतं, इथे मी करत होते. "नाही," म्हणाले. "बारावीपुढे मला करू दिलं नाही." आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला, पेन तिच्या हातात दिलं. तिने केमिस्ट्री लिहिलं. अक्षर वाकडं आलं, पण तिचं होतं.

सर मागे येऊन उभे होते. त्यांनी फॉर्मकडे हात केला. मी त्यावर तळवा ठेवला.

"सर, फॉर्म तिचा आहे."

"तुम्हाला तास हवेत ना, मॅडम?"

"हवेत, सर."

हात मात्र उचलला नाही. जुलैत वेळापत्रक लागलं. त्यात माझं नाव नव्हतं.

आता जळगावातच मेहरूणला एका खोलीत राहते आणि क्लासमध्ये व्याकरण शिकवते. बापाला अजून सांगितलेलं नाही. इथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल, पोरगी तरी मार्गी लागली. नाही लागली. पहिल्या सत्रात ती केमिस्ट्रीत नापास झाली. विषय बदलायचा अर्ज घेऊन परवा माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही तेव्हाच अडवायला पाहिजे होतं."

जिव्हारी लागलं. मी तिला शिकवूही शकत नाही, बारावीपुढची केमिस्ट्री मला येतेच कुठे? विचारलं, "प्रॅक्टिकलला काय करतेस?"

"रीडिंग लिहिते."

"आणि ब्युरेट कोण धरतं?"

"बाकीच्या मुली. प्रॅक्टिकलचे सर म्हणाले, तू फोडशील. तू नुसतं लिही."

सहा महिने ही पोरगी प्रयोगशाळेत जाते आहे आणि तिने काचेच्या एका नळीला हात लावलेला नाही. शाळेत कुलूप होतं, इथे उघड्या दारात तेच. वर नापास तीच. आणि हे आमची झेप मोजतात!

अर्ज मी फाडला नाही. तो तिचा आहे. परत देताना म्हणाले, "सोडायचं असेल तर सोड. पण एकदा हातात धरून बघ आणि मग सोड. कोणी सांगितलं म्हणून नको."

ती अर्ज घेऊन गेली.

ती पास होईल असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू? माझे तासही परत येणार नाहीत. उद्या अकराला तिचं प्रॅक्टिकल आहे. मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहणार आहे, आणि तिच्या हातात ब्युरेट येईपर्यंत हलणार नाही. शिपाई बोलावून मला बाहेर काढतील. काढू देत. परवा पुन्हा जाईन.