कापसाने भरलेलं चाक

धम्म स्वीकारून आम्हाला चार-पाच वर्षं झाली होती, तरी एक शंका मला छळायची. जुने देव सोडले ते सोडलेच, पण अडचणीत हाक कोणाला मारायची? बुद्धांनी तर आपलं आपण पाहायला शिकवलेलं. माझ्यासारख्या भित्र्या ड्रायव्हरला ते जरा जड जायचं.

वणीच्या एका ठेकेदाराची जीप मी चालवत असे. मारेगावपुढच्या आमच्या लहानशा गावाने विहार बांधला आणि वणीहून मूर्ती आणायचं काम माझ्याकडे आलं. मालकाने जीप आणि मागे जोडायचा ट्रेलर एका दिवसापुरता दिला. गावातला मी एकटा ड्रायव्हर, छाती आधीच फुगलेली. जीपला लटकणारी स्टेपनी मिरवणुकीत शोभत नाही म्हणून मी ती वणीलाच काढून ठेवली आणि तिच्या जागी झेंडूचं तोरण बांधलं. असला शहाणपणा मलाच सुचायचा.

पौर्णिमा होती. मूर्ती आल्याशिवाय चुली पेटवायच्या नाहीत, असं गावातल्या बायकांनी ठरवलेलं. दिवेलागणीला वंदना. माझी माय ट्रेलरमध्येच, तणसात ठेवलेल्या मूर्तीला धरून बसली होती.

मारेगाव मागे पडलं, ऊन कललं, आणि ट्रेलरचं चाक बंदुकीसारखं फुटलं. ट्रेलरने जीपला असा हिसका दिला की माझ्या तोंडातून निघालं, "मारोतराया!" कशीबशी गाडी थांबली. मूर्तीला धक्का नव्हता. तिला कवटाळूनच माय म्हणाली, "काहून रे, घेऊन कोणाले चालला अन् हाक कोणाले मारून राह्यला?"

ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या, टायर तेवढा शाबूत होता. ट्रेलरलाही बसणारी ती स्टेपनी वणीला जाऊन आणेपर्यंत अंधार पडला असता, आणि मूर्ती रस्त्यावर सोडायला मन घेईना. सगळं गाव उपाशी वाट पाहत असेल आणि मी तोरण बांधलेल्या जीपजवळ उभा. इतकं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात बाजाराकडे निघालेली कापसाची बैलगाडी आली. पांढऱ्या मुंडाशाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने बैल थांबवले. "काय नेऊन राह्यला, ड्रायव्हर?"

"सामान हाये," मी पुटपुटलो. खरं सांगितलं तर हा तसाच पुढे जाईल, अशी भीती.

"सामान नोको म्हणू," माय ट्रेलरमधून कडाडली. "आमचे बुद्ध हायेत. विहारात चालले."

म्हाताऱ्याने मूर्तीकडे पाहिलं. मग उतरून फुटक्या चाकाशी बसला. "हवा नाही त कापूस भर ना बाबा. गादीत भरतो तसा."

बारा वर्षं गाडी चालवून मला हे सुचलं नव्हतं. टायर उतरवला आणि आम्ही दोघांनी गुडघे टेकून त्यात कापूस ठासला, पुन्हा ठासला. मी "बस झालं, दादाजी" म्हणालो, तर तो म्हणे, "भर. पह्यल्या वेचणीचा हाये. याच्याहून बरा माह्यापाशी नाही."

चाक चढल्यावर त्याने मायला पाणी मागितलं. मायचा हात थांबला. लहानपणी ती विहिरीपासून लांब उभी राहून पाण्याची वाट पाहायची. "आमच्या लोट्यातलं?" तिने विचारलं.

"मंग कायच्यातलं?" म्हणत त्याने लोटा तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. "बैलाच्या चालीनं जा," एवढं सांगून तो गेला. नाव विचारायचं राहिलं. पुढे त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो, पण तो परत दिसला नाही.

बैलाच्या चालीनेच मूर्ती गावात शिरली आणि अख्खं गाव वेशीवर उभं होतं. अशी मिरवणूक आमच्या पंचक्रोशीने पाहिली नव्हती, हे मी आजही छाती काढून सांगतो. फक्त तेव्हापासून त्या छातीत माझी हवा कमी आणि त्या म्हाताऱ्याचा कापूस जास्त आहे. शरण जाणं म्हणजे काय, ते मला पुस्तकातून कळलं नाही. आपली अक्कल संपली हे कबूल करून पुढे आलेला हात धरावा, इतकंच मला त्या रस्त्यावर कळलं.

ट्रेलरमध्ये सांडलेला मूठभर कापूस मायने पदरात बांधून आणला होता. सरकी काढून तिने वाती वळल्या. विहारातला पहिला दिवा लावायला मला पुढे केलं आणि हळूच म्हणाली, "मार आता हाक, कोणाले मारायची ते."

मी वात पेटवली. मग नुसते हात जोडले.