आईवडिलांपासून सुटकेचा कागद

इकडं ये गं, जवळ बैस. आधी तो फोन पालथा ठेव. कायदा फोनमध्ये राहतो म्हणून तुम्हा पोरींना कुणी सांगितलं? फोनमध्ये जगातल्या सगळ्या देशांचे कायदे असतात, आपला सोडून. तोंड पाडू नकोस. एक झालेली गोष्ट सांगते.

मी म्हैसूरच्या कोर्टासमोर टायपिंग करते. चाळीस वर्षं झाली. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. वकिली कुठं शिकले नाही. वकिलांच्या चुका टाइप करता करता कायदा कळत गेला.

तर एका गुरुवारी सकाळी एक मुलगी टेबलापुढं येऊन उभी राहिली. चैत्रा तिचं नाव. सतरा वर्षांची, पीयूसी झालेली, म्हणजे बारावी. हातात ई-स्टॅम्प. पूर्वीचा स्टॅम्प पेपर तोच हा. आता सहकारी सोसायटीच्या काउंटरवर दोन्ही पार्ट्यांची नावं सांगितली की छापून मिळतो. फर्स्ट पार्टी चैत्रा. सेकंड पार्टी तिचे आईवडील. काउंटरवाल्यानं वय विचारलं नव्हतं. त्याचं काम छापायचं.

"अज्जी, मी आईवडिलांपासून लीगली फ्री झाले असं टाइप करा," म्हणाली. "खाली नोटरीचं सील पाहिजे."

पहिल्यांदा विचारायचं ते मी विचारलं. घरी मारतात? उपाशी ठेवतात? कुठं लग्न ठरवलंय? तसं असेल तर कागदाचं काम नाही, सरळ बाल कल्याण समितीकडं जायचं, मी सोबत येते.

"छे. उलट जेवायला फार घालतात," ती म्हणाली.

मग भांडण कळलं. तिला मंगळूरला नर्सिंगची सीट मिळाली होती. फॉर्मवर पालकांची सही पाहिजे, शनिवार शेवटचा दिवस, आणि अप्पा सही करत नव्हते. अप्पांचं सरस्वतीपुरमला पडद्यांचं दुकान. मुलीनं तिथल्याच कॉलेजात बी.कॉम. करावं, कारण दुकानाच्या पायरीवरून कॉलेजचं गेट दिसतं. म्हणून तिनं फोनवर वाचून काढलं, अमेरिकेत मुलं कोर्टात अर्ज करून आईबापांपासून वेगळी होतात.

मी समजावलं. आपल्याकडं असा अर्जच नाही. अठरा पूर्ण झाले की माणूस आपोआप सुटतो. तोवर मायनर. मायनरनं केलेलं अ‍ॅग्रीमेंट चालत नाही, त्याच्या वतीनं पालकांनी सही करायची. म्हणजे आईबापांपासून सुटायच्या कागदावर आईबापांचीच सही. तिला अठरा व्हायला चार महिने होते. सीट थांबणार नव्हती.

ती गेली. पण जाऊन काय केलं, तर अप्पांना घाबरवायला ई-स्टॅम्पचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. म्हैसुरात स्टॅम्प पेपर म्हणजे साइट, घराचा प्लॉट, दुसरं काही कुणाच्या डोक्यात येत नाही. तीन काकांनी अभिनंदन केलं. कृष्णराजनगरच्या मामानं विचारलं, कुठल्या लेआउटला, कॉर्नर आहे का. सुरेशरावांनी, म्हणजे तिच्या अप्पांनी, आधी सगळ्यांना थँक्स म्हटलं. मग फोटो मोठा करून वाचला.

शुक्रवारी ते माझ्याकडं हजर. मागं बायको विमला, हातात पिशवी.

"अक्का, टाइप करा. चैत्रा आमच्या ऐकण्यातली नाही, तिच्याशी आमचा काही संबंध नाही. पेपरात द्यायचंय."

ही नोटीस मला पाठ आहे. चिडलेले आईबाप देतात, नातेवाईक कॉफी पिताना वाचतात, कोर्ट वाचत नाही. मी म्हटलं, मायनर मुलीला असं सोडता येत नाही, तिला पोसणं तुमच्यावरच आहे.

"म्हणजे तिलाही सुटता येत नाही, मलाही नाही?"

"नाही. पण दोघांचं मागणं एकच आहे. इतक्या एकमताच्या पार्ट्या मी आजवर पाहिल्या नाहीत."

एवढ्यात चैत्राही आली, फॉर्म घेऊन. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं, आणि बोलणं माझ्यामार्फत. तिला सांगा, त्यांना सांगा. शेवटी सुरेशरावांच्या तोंडून खरं निघालं, "तिथं आजारी पडली तर बघणार कोण?"

"अप्पा, नर्सिंग कॉलेज आहे ते. हॉस्पिटलातच आहे."

तरी त्यांनी पेन काही उचललं नाही. मी सुम्ने, उगीच काहीतरी करायचं म्हणून, फॉर्म ओढून वाचला. सहीच्या रेघेखाली छापलं होतं: वडील किंवा आई किंवा पालक. आदल्या दिवशी मी तिला एवढा कायदा ऐकवला, पण फॉर्म बघायला मागितला नव्हता. त्या घरात गॅसपासून रेशनपर्यंत सगळे कागद वडिलांच्या टेबलावर जातात. अमेरिकेचा कायदा वाचलेल्या मुलीलाही आई सही करू शकते हे सुचलं नव्हतं.

"विमला, तुला सही येते ना गं?"

"येते की. कुणी मागितलीच नाही," म्हणत तिनं पिशवी खाली ठेवली.

"विमला, मी अजून हो म्हटलेलं नाही," सुरेशराव म्हणाले.

"तुम्ही सावकाश म्हणा. उद्या शनिवार आहे."

आणि तिनं सही केली, कन्नडमध्ये, पूर्ण नावाची.

सीट पक्की झाली. सुरेशराव पंधरा दिवस बोलले नाहीत. मग स्वतःच मुलीला सोडायला गेले आणि हॉस्टेलच्या पाण्याच्या फिल्टरवरून वॉर्डनशी भांडून आले. चार महिन्यांनी चैत्रा अठरा वर्षांची झाली, कुठल्याही कागदाशिवाय सुटली, आणि त्याच संध्याकाळी तिनं अप्पांना फोन करून विचारलं, बँकेचा फॉर्म कसा भरायचा.

मी यातून एवढंच शिकले: कायद्याला हात घालायच्या आधी फॉर्म शेवटपर्यंत वाचावा.

बरं, ऊठ आता, उशीर होईल. पण पुढच्या रविवारी चामराजपुरमला घरी जेवायलाच ये. आईलाही आण. आणि तिला नुसतं चल म्हणू नकोस, येतेस का म्हणून विचार.