चौदाचा पाना

भंगारवाला चारला येणार आहे, आणि आता अडीच वाजलेत. निवास उघड्या अंगानं ट्रॅक्टरखाली उताणा पडलाय. दुरुस्तीसाठी म्हणून आत शिरला होता; आता नुसताच पडलाय, कारण अंगणात सावली म्हणावी अशी तेवढीच आहे. पाठीत काहीतरी रुततंय. खडा असेल म्हणून तो सरकतो. खडा काही सरकत नाही.

ट्रॅक्टर वर्षभर जागचा हललेला नाही. आण्णा, म्हणजे निवासचे वडील, इथंच गेले. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. नळीचा नट ढिला करून हवा काढायची, एवढंच काम. आण्णा खाली शिरले आणि आतून म्हणाले, चौदाचा पाना आण. निवासनं पेटी उपसली, गोठा उपसला, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितला. अर्ध्या तासानं तो मोकळ्या हातानं परत आला, तेव्हा आण्णांचे पाय तेवढे बाहेर होते, आणि पायांना काही सांगण्यात अर्थ उरला नव्हता.

दहाव्याला कावळा शिवेना. चुलत्यानं बांधाचं भांडण मिटवतो असं कबूल केलं. कावळ्यानं तिकडं बघितलंही नाही. आत्यानं निवासचं लग्न लावून देते म्हणून सांगितलं. कावळा आणखी दोन फांद्या वर गेला. शेवटी निवास पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, आण्णा, ट्रॅक्टर चालू ठेवीन. कावळा तडक खाली आला आणि भातावर चोच मारून मोकळा झाला.

तेव्हापासून तीन मिस्त्री येऊन गेले. एकानं बॅटरी बदलली, एकानं पंप उतरवून पुन्हा चढवला, तिसऱ्यानं चहा घेतला. ट्रॅक्टर ढिम्म. आणि आईला दार उघडलं की आधी ती जागा दिसते. तिनं आठवड्यापूर्वी भंगारवाल्याला निरोप धाडला. निवासनं तिच्याकडून आज चारपर्यंतची मुदत मागून घेतलीय.

डोळे मिटलेत की उघडेच आहेत, ते त्याला नीटसं कळत नाही. नळीच्या टोकाला डिझेलचा एक थेंब लोंबतोय. बराच वेळ झाला, पडत नाही.

"सरक जरा," शेजारून आवाज येतो.

आण्णा बाजूला उताणे पडलेत. अंगात तेच बनियन, कानात अजून कापूस. निवास मुकाट्यानं सरकतो. वर्षभरानं भेटलेल्या बापाला काय विचारायचं असतं, ते त्याला कुणी शिकवलेलं नाही.

"जेवलात का?" तो विचारतो.

"चौदाचा दे."

निवास पेटीकडं हात लांबवतो, तर हात हार्डवेअरच्या दुकानातल्या काउंटरवर पडतो. काउंटरमागं कावळा बसलाय, कानावर पेन्सिल. निवासच्या मागं सगळं भावकीचं माणूस टोप्या घालून रांगेत उभं आहे आणि लवकर आवर म्हणून कुजबुजतंय. कावळा सांगतो की दुतोंडी पान्यांत बारा-तेराचा आहे, सोळा-सतराचा आहे, चौदा-पंधराचा तेवढा येत नाही. निवास त्याला दहाव्याच्या दिवसाची आठवण करून देतो. मी शब्द दिला म्हणून तू शिवलास, आता निदान पाना तरी दे.

"कसला शब्द?" कावळा म्हणतो. "मला भूक लागली होती."

काउंटर पुन्हा ट्रॅक्टरचं पोट झालंय. रांग गेलीय, फक्त टोप्या मातीवर ओळीनं मांडलेल्या आहेत.

"ते कावळं माझं नव्हं," आण्णा नळीकडं बघत म्हणतात. "मी घाटावर आलोच न्हाई."

"मग कुठं होता?"

"हितंच. पान्याची वाट बघत."

वर्षभर जे कुणाला सांगितलं नाही, ते निवास सांगून टाकतो. शोधला होता हो आण्णा. पिठात पण बघितलं. मधी एक फोन आला, तो घेतला, पण दोनच मिनिटं.

आण्णा नळीवरून बोट फिरवतात. मग म्हणतात, "पाठीत रुतत हुतं कायतरी. कळ पार छातीपतोर आली. मला वाटलं, खडा आसंल."

"हाक मारायची की."

"खड्यासाठी हाक मारत्यात व्हय?"

ट्रॅक्टरखाली आता गुडघाभर पाणी आहे आणि दोघं त्यावर तरंगतायत. आण्णांचं नाक नळीला टेकतंय. त्यांना त्याचं काही वाटत नाहीसं दिसतं.

"आण्णा, चालू होईल का हा?"

"न्हाई."

"मग तुम्ही काय करताय?"

"नट ढिला करतोय."

थेंब पडतो. निवासच्या कपाळावर पडतो. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतोय.

शेजारी कुणी नाही. निवास पाठीखाली हात घालतो, माती उकरतो, आणि गंजून लाल झालेला एक पाना ओढून काढतो. माती झटकल्यावर त्यावरचा उठावदार आकडा बोटाला लागतो. चौदा. तो पाना नटाला लावतो. पाना नटाभोवती गरागरा फिरतो. नट तेराचा आहे.

बारा-तेराचा सकाळपासून त्याच्या खिशातच आहे. आण्णा चौदाचा म्हणाले होते, म्हणून वर्षभरात त्यानं तो एकदाही या नटाला लावला नव्हता. आता लावतो. नट सुटतो. हवा येत नाही, डिझेलही येत नाही. तो बाहेर येऊन चावी फिरवतो. टक. पुन्हा फिरवतो. आतून टकसुद्धा येत नाही.

साखळी लावून टेम्पोत चढवायला चार माणसं आणि वीस मिनिटं लागतात. जिथं ट्रॅक्टर होता तिथं मातीचा काळा चौकोन उरलाय. आई दारातून तिकडं बघते, मग निवासच्या उघड्या पाठीकडं बघते आणि जवळ येते. मणक्याशेजारी कातडीत एक आणि चार उमटलेत, उलटे. ती त्यावरून अंगठा फिरवते. पुसलं जात नाही.

"काय रुतलं रं हे?"

"खडा होता," निवास म्हणतो.