उजेडात बघायचं झाड

रंगखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी ‘हे काळं आहे’ असं सांगू नये. सांगायचंच असेल, तर पुढचं सगळं उभ्यानं ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

पक्कामावशींना हे नाव पडलं ते त्यांच्या खोडीवरून. इमारतीत कुणी नवं कापड आणलं की मावशी त्याचा कोपरा ओल्या फडक्यानं चोळायच्या आणि निकाल द्यायच्या, “पक्का आहे,” नाहीतर “नेऊन दुकानदाराच्या तोंडावर फेक.” गिरणीच्या रंगखात्यात त्या छटा तपासायच्या. खातं बंद पडलं त्या दिवशी लोकांनी आठवण म्हणून घड्याळ नेलं, स्टूल नेलं, एकानं तर दाराची कडीही काढून नेली. मावशींनी मागच्या भिंतीलगतचं एक झाड मुळासकट काढलं, ओल्या चिंधीत गुंडाळलं आणि बसमध्ये मांडीवर घेऊन घरी आणलं.

त्या झाडाचं नाव खात्यातही कुणाला माहीत नव्हतं. कमरेएवढी उंची, लांबून काळी वाटावीत इतकी गडद पानं, शेंड्याला फिकट गुलाबी फुलांच्या नळ्या. फुलं संपली की जमिनीलगत कापायचं आणि गप्प बसायचं. पुढच्या वर्षी मुळातून परत हजर. मधमाश्या त्या नळीत इतक्या आत शिरायच्या की बाहेर फक्त बूड दिसायचं. मावशी सकाळी चहाचा कप घेऊन पायरीवर बसत आणि ती बुडं न्याहाळत. “आज पहिली पाळी उशिरा आली गं,” असं सुनेला आत ओरडून सांगत.

फाटकाशेजारच्या मातीच्या पट्ट्यात हे झाड नऊ वर्षं सुखानं नांदलं. मग सेक्रेटरी बदलला.

नवे सेक्रेटरी तळमजल्यावरचेच, आणि त्यांना फलकांची भारी हौस. फाटकावर ‘हॉर्न वाजवू नये’, जिन्यात ‘पळू नये’, आणि त्याच्याखाली ‘फलकास हात लावू नये’. एका संध्याकाळी त्यांनी फाटकावरच्या ट्यूबलाइटखाली झाडाचा फोटो काढला आणि ओळखीच्या रोपवाल्याला पाठवला. त्यानं पाहिल्यासारखं केलं आणि कळवलं, ‘बुरशी आहे. उपटून टाका.’ सकाळी जिन्यात नवा फलक : ‘फाटकाजवळील रोगट झाड रविवारी काढून तेथे फरशी बसवण्यात येईल.’

मावशींनी तो दोनदा वाचला आणि तडक सेक्रेटरींचं दार वाजवलं.

“साहेब, बाहेर या.”

“अहो मावशी, आंघोळीला चाललोय.”

“टॉवेलवर या. मला तुमचं काही बघायचं नाहीये, तुम्हाला दाखवायचंय.”

सेक्रेटरी खांद्यावर टॉवेल टाकून फाटकापाशी आले.

“फोटो कधी काढलात?”

“संध्याकाळी. सात-साडेसातला.”

“ह्या दिव्याखाली?” मावशींनी कपाळावर हात मारला. “आमच्याकडे कुणी काळा नमुना दिव्याखाली पास केला असता ना, तर रंगमास्तरांनी त्यालाच रंगाच्या हौदात बुडवला असता. काळं खिडकीशी न्यायचं, दिवसाउजेडी बघायचं. दिव्याखाली निळंही काळं, तांबडंही काळं, आणि गाढवही घोडा.”

त्यांनी एक पान खुडलं आणि उन्हासमोर धरलं. पान आतून पेटल्यासारखं झालं. डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल, कडेला जांभळट, एकही डाग नाही.

“हो की!” सेक्रेटरींच्या तोंडून निघून गेलं.

मावशींचं डोकं फिरलं ते इथे. माणसाला दिसलं नसतं तर आंधळा म्हणून सोडून देता आलं असतं. याला दिसलं होतं! आणि तरी तो टॉवेल सावरत म्हणाला, “पण मावशी, आता फलक लागलाय.”

“मग काढा.”

“असा काढला तर उद्या लोक हॉर्नही वाजवतील. शिवाय त्या माश्या. पोरांना चावतील.”

“नऊ वर्षांत कुणाला चावल्या? एक नाव सांगा.”

“चावू शकतात.”

“चावू तुम्हीही शकता. तुमच्यावर बसवलीये का कुणी फरशी?”

सेक्रेटरी आंघोळीला गेले.

मावशी इमारतीतलं प्रत्येक दार हिंडल्या. प्रत्येकानं आत बोलावलं, पाणी विचारलं, “अन्याय आहे हो हा,” म्हटलं आणि सेक्रेटरींना हे सांगायची वेळ आली की कुणाला दूध उतू जाताना दिसलं, कुणाला फोन आला. उंबऱ्याच्या आत सगळी इमारत मावशींची, बाहेर कुणीच नाही.

“आई, जाऊ द्या आता,” सून म्हणाली.

“जाऊ देते ना. बारा ठिकाणी जाऊ देते. सुरी आण. भाजीची नको, पाव कापायची, दातेरी.”

शनिवारी दुपारी त्यांनी स्वतः झाड खणून काढलं. नऊ वर्षांत मुळांचा गड्डा घमेल्याएवढा झाला होता. झाडाला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. गड्डा फोडायचा तर त्या छाटायलाच हव्यात, म्हणजे यंदा फूल नाही आणि माश्याही नाहीत. मावशी रडल्या नाहीत. एकेक दांडा कापताना त्यांनी सेक्रेटरी, रोपवाला आणि ट्यूबलाइट बनवणारा कारखाना, तिघांचा उद्धार केला. मग प्रत्येक तुकड्याला दोन-दोन कोंब येतील असे बारा तुकडे केले, ते रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावले, आणि सासू-सुना पुन्हा दारोदार निघाल्या.

“अन्याय आहे म्हणालात ना? मग धरा हा. खिडकीत ठेवा, कडक उन्हात. सावलीत ठेवलात तर पानं हिरवी पडतील आणि मी जाब विचारायला येईन.”

नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. अकरा डबे गेले. बारावा घेऊन मावशी घरी येतात तो दारात सेक्रेटरींची बायको उभी.

“आम्हाला नाही का?”

“तुमच्या ह्यांना विचारलंत?”

“ते फलक बघतात. खिडक्या माझ्याकडे आहेत.”

रविवारी कामगार आले, तेव्हा उपटायला काहीच नव्हतं. सेक्रेटरींनी तरी हात मागे बांधून देखरेख केली. फरशी छान बसली.

पुढच्या वर्षी बाराही खिडक्यांत गुलाबी नळ्या लटकल्या, आणि सेक्रेटरींना दाढी करताना आरशाशेजारी मधमाश्यांची बुडं दिसू लागली. त्यांनी त्यावर फलक लावला नाही. चुकलं असंही ते म्हणाले नाहीत, आणि मावशींनीही ते विसरून जायची घाई केली नाही. त्या अजून त्या फरशीवर पाय ठेवत नाहीत, तिला वळसा घालून जातात. फाटकावरचा दिवा सकाळी हमखास जळत राहिलेला असतो. मग मावशी सेक्रेटरींच्या खिडकीखाली थांबतात आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडतात,

“साहेब, दिवस उजाडलाय! ट्यूबलाइट बंद करा आणि बाहेर येऊन बघा.”