बांगड्यांचा होकार

अकोल्याच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मला माझ्या भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, हाताखाली दिलं तेव्हाच मी धसकले होते. नवीन मॅनेजर मॅडम मात्र खुशीत होत्या. "घरचीच माणसं! एकमेकांना सांभाळून घेतील."

कप्पाळ माझं! आमच्यात भावसून, धाकट्या भावाची बायको, भासऱ्यांशी बोलत नाही. ते ओसरीतून विचारत, "सैपाक झाला का?" मी आतून बांगड्या वाजवायची. वाजल्या की हो.

मशीनमध्ये कापूस अडकला की भासरे बटण बंद करत. मी आत हात घालून गुंता काढायची आणि शेजारची बाई माझ्यातर्फे ओरडायची, "चालू करा!" तिच्याच जिवावर माझं निभत होतं.

एक दिवस ती पाणी प्यायला गेली आणि नेमका कापूस अडकला. माझा हात कोपरापर्यंत आत. भासरे पलीकडे बटणापाशी. त्यांना मी दिसत नव्हते.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

मी घाईनं हात ओढायला गेले तर बांगड्या लोखंडावर खणखणल्या.

देवा रे! हे हो समजतील. आतला रोलर बोटांना गार लागत होता, तो आता फिरणार. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मेली सवय नरड्यात बसली होती! आणि कशी कोण जाणे, मी किंचाळले, "दादा, चालू नोका करू! हात हाये माहा आत!"

बटणावरचा हात काढून भासरे धावत आले. सगळ्यांदेखत त्यांनी माझं मनगट धरलं. "हात दाखव मले, बाई." एकेक बोट तपासलं त्यांनी.

मॅडम तणतणत आल्या. "तिनं हो म्हटलं नसताना बटणाला हात का लावला?"

"म्हनली न जी. आमच्या घरी असंच म्हनतात," भासरे म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. मॅडम मटकन खालीच बसल्या. "नातं काय, ते विचारलं होतं मी. त्या नात्यात कसं वागता, ते नाही विचारलं." मग त्यांनी हळूच विचारलं, "असं आणखी कोणाचं आहे इथं?"

रांगेतल्या दोघींनी मान खाली घालून हात वर केले. त्यांच्यातल्या एकीनं तर सकाळीच, अशीच न बोलता, मशीनमध्ये हात घातला होता.