सोमवारचा गणिताचा पेपर

मी तीस वर्षं ओझरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. हातात गेज, समोर पार्ट. मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट. त्यामुळे भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचो. या ग्रुपवरही आजवर नुसतंच वाचत आलो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतच. आज लिहितोय ते माझ्या स्वतःच्या घरात घडलेलं आहे... आणि त्यात मी काही फार चांगला माणूस दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं घर सिडकोत, पवननगरच्या पुढे. खाली मी आणि सुनंदा, माझी बायको. वरच्या दोन खोल्या भाड्याने. जिना बाहेरून आहे — उतरलं की आमचा ओटा आणि समोर लोखंडी गेट. म्हणजे वरचं कोणीही बाहेर पडलं तर ओट्यावर बसलेल्या माणसाच्या समोरूनच जाणार.

वर संतोष राहायचा. पेठकडचा. अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. बायको मनीषा, आणि मुलगी गौरी — तिसरीत. चार वर्षं राहिले. गौरी मला आजोबा म्हणायची. शाळा दुपारची, बाराची. रोज पावणेबाराला दोन वेण्या, पाठीवर दप्तर, जिना उतरताना एक-एक पायरी मोजत यायची आणि जाताना ओरडायची, "आजोबा, गेट लावते!" मी पेपरातून डोकं न काढता म्हणायचो, "लाव."

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात संतोषचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. पुन्हा घेतलंच नाही. नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम करायचा, पण ते रोज कुठे मिळतं? भाडं थकत गेलं. मी थांबलो, नाही असं नाही. दिवाळी जाऊ दिली. पण सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मुलगा पुण्याहून फोनवर रोज तेच तेच बोलायला लागला, आणि डिसेंबरात एकदा मी वर जाऊन सांगून टाकलं — या रविवारपर्यंत खोली रिकामी करा.

संतोष वाद घालेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "काका, तुम्ही लय थांबले. तुमचं काय चुकलं नाय."

रविवारी सकाळी छोटा टेम्पो आला. पलंग, गॅसची शेगडी, पिठाचे डबे, एक कूलर. चार वर्षांचा संसार अर्ध्या तासात भरून झाला. दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत काम मिळालं होतं, राहायला मजुरांची खोली होती. गौरी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आजोबा, उद्या माझा गणिताचा पेपर आहे."

"हो का?"

"पेपर झाल्यावर गेलो तर चालेल का?"

मी काय म्हणालो असेन? "पप्पांना विचार बाळा." एवढंच. संतोष टेम्पोच्या मागे दोरी बांधत होता. त्याने ऐकलं असावं, पण वळून पाहिलं नाही. गौरीने कोणालाच पुन्हा विचारलं नाही. गाद्यांच्या मध्ये जाऊन बसली.

त्यानंतर साधारण दहा दिवस गेले असतील. मी ओट्यावर बसून पेपर वाचत होतो. लख्ख ऊन, समोर भाजीची गाडी उभी, शेजारच्या वहिनी कोथिंबिरीवरून घासाघीस करतायत. जिन्यावर पावलं वाजली. "आजोबा, गेट लावते!"

"लाव," मी म्हणालो.

कडी वाजली. मी पान उलटलं. आणि मग लक्षात आलं. वर तर कोणी राहतच नव्हतं.

मान वर केली तर कोपऱ्यावर वळताना निळं दप्तर आणि एक वेणी, एवढंच दिसलं. आतून सुनंदा भिंतीला धरत धरत दारात आली. म्हणाली, "गौरी आली होती का? काही विसरलं का त्यांचं?" म्हणजे आवाज तिनेही ऐकला होता! मी तसाच वर गेलो. दाराला मीच लावलेलं कुलूप होतं. चावी माझ्या खिशात.

मी काय केलं? काही नाही. सवयीने भास झाला असेल म्हणून विषय सोडून दिला. सुनंदालाही तेच सांगितलं. तिला ते पटलं नव्हतं, याची मला खात्री आहे.

पुढच्याच आठवड्यात संतोष दारात. दाढी वाढलेली, हातांवर औषध फवारणीचे डाग. बसायलाही तयार नाही.

"काका, जरा शाळेत येता का माझ्यासंग? दाखला काढायला गेलतो. मॅडम देईनात. म्हणतात, पोरगी रोज शाळेत येते आणि तुम्ही दाखला कशाला मागता?"

"रोज येते?"

"काका, ती आम्ही गेलो त्या रात्रीपासून तापात पडून हाय. खोलीच्या बाहेर नाय गेली. तुम्ही घरमालक, तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

मी त्याला सांगितलं नाही, मी काय पाहिलं ते. चपला घातल्या आणि निघालो.

शाळा जवळच आहे, नाव मुद्दाम देत नाही. सकाळचे दहा वाजले होते, गौरीचा वर्ग भरायला अजून वेळ होता. हेडबाईंनी गौरीच्या वर्गशिक्षिकेला बोलावलं. तरुण बाई, स्वभावाने सरळ वाटल्या. त्यांनी हजेरी समोर ठेवली. त्या सोमवारपासून आदल्या दिवसापर्यंत रोज हजर. एकही खाडा नाही.

"अहो, मी स्वतः नाव घेते, ती 'हजर बाई' म्हणते," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळ बसते. हल्ली गप्प असते, डबा आणत नाही, म्हणून मीच तिला दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, घर लांब आहे बाई."

संतोष खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मी विचारलं, "सोमवारी गणिताचा पेपर होता?"

"होता की." बाईंनी कपाटातून गठ्ठा काढला, त्यातला एक पेपर काढून दिला. वर तारीख त्याच सोमवारची. वीसपैकी सतरा. संतोषने पेपर हातात घेऊन वरपासून खालपर्यंत पाहिला. मग माझ्यापुढे धरला. "काका, हा पाच बघा. खाली शेपूट काढलंय. मी किती रागवायचो तिला ह्याच्यावरून..."

तीस वर्षं मी कागद आणि वस्तू एकमेकांशी ताडून पाहत आलो. तो पेपर मी उजेडात धरला, उलटा केला. खोडरबराने खोडलेलं होतं, एका कोपऱ्याला बोटाचा मळका ठसा होता. लहान मुलाने लिहिलेला साधा पेपर. रिजेक्ट करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हेडबाईंनी दार लोटून घेतलं. हजेरीत चूक झाली असेल, असं म्हणाल्या आणि दाखला लिहून दिला. तो पेपर संतोषने घडी करून खिशात ठेवला. वर्गशिक्षिका हजेरीत तिच्या नावावर बोट ठेवून पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

मी संतोषला स्कूटरवर मागे बसवलं आणि आम्ही तसेच दिंडोरीला निघालो. म्हसरूळ, ढकांबे मागे पडलं. पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. बागेच्या कडेला पत्र्याच्या चार खोल्या. पहिल्या खोलीत गौरी पडलेली. किती लहान दिसत होती. मनीषाने मला पाणी दिलं. आम्ही शाळेचं काही काढायच्या आधी तीच सांगायला लागली —

"डॉक्टरांना दोनदा दाखवलं काका. ताप उतरतो, परत चढतो. आणि एक बघा, सकाळी चांगली बोलते. बाराच्या आत डोळा लागला की कितीबी हलवा, उठत नाय. पाच वाजले की आपोआप जागी. मी लय घाबरते हो त्या टायमाला."

मी गौरीजवळ बसलो. कपाळावर हात ठेवला. तिने डोळे उघडले.

"आजोबा, मला सतरा मिळाले."

मनीषाने संतोषकडे पाहिलं. त्याने अजून घडी उघडलीही नव्हती, पेपर खिशातच होता.

"तू शाळेत गेली होतीस?" मी विचारलं.

"हो. पेपर होता ना."

"मग... शाळा सुटल्यावर?"

"घरी आले. रोज येते." तिने एकदा आईकडे पाहिलं. "पण वरच्या दाराला कुलूप असतं. मी थोडा वेळ पायरीवर बसते. मग इकडे येते."

मनीषा तोंडाला पदर लावून बाहेर गेली. कुलूप मीच लावलेलं होतं.

मी संतोषला म्हणालो, आजच चला परत. भाड्याचं नाव काढणार नाही. तो बागेकडे वळला. म्हणाला, "उशीर झाला काका. मालकाकडनं उचल घेतलीय. द्राक्षांचा तोडा होईपर्यंत मला हलता येत नाय. आणि आलो... तरी परत काम नसलं तर? तिला अजून एकदा टेम्पोत बसवायचं का?"

मी मनीषा आणि गौरीला तरी पाठव म्हणालो. मनीषाच नको म्हणाली. "राहू तर तिघं संगं राहू."

दाखला घेऊन संतोषने तिला तिथल्या शाळेत घातलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, तो पुन्हा आला नाही. आमच्या जिन्यावरही नंतर काही वाजलं नाही. वर्गशिक्षिका मला एकदा बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "काका, त्या दाखल्यानंतर ती आली नाही." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत हळूच म्हणाल्या, "मी मात्र नाव घ्यायचं थांबवायला आठवडा लावला."

मी मधूनमधून फोन करायचो. हंगाम संपल्यावर मे महिन्यात ते कुठेतरी गेले. शेजारच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, सुरतेकडे बहुतेक. संतोषचा नंबर आता भलत्याच माणसाकडे लागतो.

डॉक्टर मित्राला विचारलं, एका शास्त्रीबुवांनाही विचारलं. दोघांनीही पुष्कळ सांगितलं, पण त्या पेपरबद्दल काही सांगता आलं नाही. मला तर अजिबातच येत नाही, आणि आता मी त्याच्या मागेही लागत नाही.

गौरी आता पाचवीत असेल. इथे कोणी शिक्षक वाचत असाल आणि मध्येच, कागदपत्रं अर्धवट असलेली अशी मुलगी तुमच्या वर्गात आली असेल, तर कृपया मला कळवा. आणि नसेल कळवायचं तरी चालेल... तिला बसू द्या.